खुंटीवरची बढती

माणसाची पारख विद्वानांनी त्याच्या ग्रंथसंग्रहावरून केली आहे, मित्रपरिवारावरून केली आहे, क्वचित पादत्राणांवरूनही केली आहे; परंतु त्याने आपल्या घरात काय काय टांगून ठेवले आहे, या प्रश्नाकडे मात्र त्यांचे अक्षम्य दुर्लक्ष झाले आहे, असे जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील घरे आतून पाहिल्यावर मला नम्रपणे नमूद करावेसे वाटते. या मुलखात जमिनीवर ठेवलेल्या कोणत्याही वस्तूला उंदीर, मांजर, वाळवी आणि नातवंडे असे चार वारस आपोआप लागू होत असल्यामुळे, जे टिकावे अशी इच्छा असते ते वर चढवण्याची वहिवाट पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे. शिंकाळ्यात दही, वाशाला लसणाच्या जुड्या, आढ्याला पुढच्या सालच्या बियाण्यासाठी राखलेली मक्याची कणसे, एका खुंटीला घरधन्याचा कोट आणि तिच्या शेजारच्या खुंटीला, हाच कोट घालून तो ज्या सत्कारसमारंभास गेला होता तेथे मिळालेला व आता निव्वळ दोरा उरलेला हार, अशी ही ऊर्ध्वगामी मालमत्ता असते. आणि घरात शिरणारा उंच मनुष्य आपोआप विनयशील होतो, तो काही केवळ संस्कारांमुळे नव्हे.

आता या टांगण्याचेही दोन अगदी भिन्न प्रकार आहेत. शिंकाळे दिवसातून दोनदा खाली येते आणि दोनदा वर जाते; म्हणजे ते नोकरीत आहे. बैलाचे दावे, दाराआडची छत्री, बाजाराची पिशवी ही मंडळी खुंटीवर केवळ विसाव्यापुरती असतात आणि हाक आली की रुजू होतात. याउलट दुसऱ्या वर्गातील वस्तू एकदा वर गेली की खाली येते ती थेट रंगकामाच्या वेळी, नाही तर वाटणीच्या वेळी. सरकारी खात्यात एखाद्या अंमलदाराचा काही उपयोग उरला नाही, पण त्याला बडतर्फ करणेही शक्य नाही, असे झाले म्हणजे त्याला वरच्या जागी नेमतात आणि त्याच्या पुढ्यातले कागद काढून घेतात. त्याच न्यायाने घरातील ज्या वस्तूचा वापर संपला, पण जिच्यावर खर्च झालेला पैसा विसरता येत नाही, तिला भिंतीवर उच्चासन देऊन कामातून मोकळे केले जाते. दसऱ्याला तिची धूळ पुसली जाते, पाहुण्यांना ती दाखवली जाते, आणि तिला हात लावणाऱ्या पोराला धपाटा मिळतो. सेवाकाळात यांतला एकही मान तिच्या वाट्याला आलेला नसतो.

या बढतीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कॅरमबोर्ड. हा उन्हाळ्याच्या सुटीच्या आरंभी, मुलांच्या तगाद्याला विटलेल्या वडिलांच्या हस्ते, नारायणगावच्या किंवा मंचरच्या पेठेतून, गर्दीने ओथंबलेल्या एसटीत कंडक्टरशी हुज्जत घालून घरात आणला जातो, आणि पहिले पंधरा दिवस घरातील इतर सर्व व्यवहार तहकूब होतात. घरातील बोरिक पावडर संपते, मग आजीची अंगाला लावायची पावडर संपते, आणि पुढे रांगोळीवर मजल जाते, तेव्हा पहिला वाद होतो. जून महिन्यात शाळा उघडते, पाऊस येतो, आणि या चौरस प्राण्याला ठेवायचे कुठे हा प्रश्न गृहमंडळापुढे प्रथमच गांभीर्याने उपस्थित होतो.

या खेळाचे नियम करणाऱ्यांनी इतर कोणत्याही बाबतीत कसूर केलेली नाही. १९८८ साली मद्रास मुक्कामी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाच्या नियमांप्रमाणे खेळण्याचा पृष्ठभाग चौरस आणि बाजूला ७४ सेंटिमीटरच्या घरात असावा लागतो, कोपऱ्याचे भोक साडेचार सेंटिमीटरच्या आसपास असावे लागते, स्ट्रायकर १५ ग्रॅमहून जड चालत नाही, सोंगट्या नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी. इतकेच काय, बोर्डाच्या डोक्यावर दिवा कसा टांगावा याचाही त्यांनी विचार केलेला आहे. परंतु दिवा टांगणाऱ्या या शास्त्रकारांनी, खेळ संपल्यावर खुद्द बोर्ड कुठे टांगावा, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या गृहिणीवर सोपवला, आणि गृहिणीचा निर्णय अपिलास पात्र नसतो.

प्रथम तो पलंगाखाली जातो. तिथे पश्चिम पट्ट्यातला आषाढ त्याला गाठतो. घाटमाथ्याकडून आलेली ओल प्लायवूडच्या थरांत शिरते, थर कमीअधिक फुगतात, आणि बोर्डाच्या मधोमध एक अतिसूक्ष्म पोक येते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण श्रावणातल्या रिकाम्या दुपारी डाव मांडला की मध्यभागी ठेवलेल्या सोंगट्या आपखुशीने, कोणी न मारता, कडेकडे स्थलांतर करू लागतात, तेव्हा कळते. मग तो कपाटामागे उभा केला जातो. तिथे तो एका कोपऱ्यावर तोल सांभाळून राहिल्यामुळे तिरका पिळतो. शेवटी ज्येष्ठांच्या संमतीने ‘भिंतीला लावू या’ असा ठराव होतो, आणि येथून पुढे कॅरमच्या इतिहासाला स्थापत्यशास्त्राचे वळण लागते.

कारण आमच्याकडील जुन्या वाड्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. या भिंतीचा स्वभाव असा की ती हातभर रुंद असते, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राहते, शंभर वर्षे छप्पर पेलते, पण तिच्यात ठोकलेला खिळा पेलत नाही. खिळा आत जातो, ढिगारा बाहेर येतो, आणि भिंतीत एक असे भगदाड पडते की त्यात खिळ्याऐवजी पणती ठेवावी. म्हणूनच बांधणाऱ्यांनी बांधतानाच भिंतीत सागवानी खुंट्या रोवलेल्या असतात. त्यांची जागा आणि संख्या पणजोबांच्या काळी ठरलेली असते, आणि पणजोबांना कॅरम ठाऊक नव्हता. परिणामी बोर्ड ज्या खुंटीला लागतो त्या खुंटीवर आधीच दिनदर्शिकेची मिरास असते. खुंटी एक आणि हक्कदार दोन, असा तंटा उभा राहतो. आणि तो जसा आमच्याकडील बहुतेक तंट्यांचा निकाल लागतो तसाच, म्हणजे दोघांनाही ठेवून आणि दोघांचीही गैरसोय करून मिटतो. बोर्डावर दिनदर्शिका टांगली जाते.

एकदा भिंतीवर स्थिर झालेल्या बोर्डाला नवी कामे चिकटू लागतात. चार कोपऱ्यांतील चार जाळ्या म्हणजे चार दप्तरे होत. वरच्या डाव्या भोकात विजेचे बिल, वरच्या उजव्या भोकात सातबाऱ्याचा उतारा, खालच्या एकात डॉक्टरांची चिठ्ठी आणि खालच्या दुसऱ्यात कोणालाही आठवत नाही अशा कुलपाची किल्ली, ही वाटणी मी एकाहून अधिक घरांत पाहिली आहे. चौकटीच्या फटीत लग्नपत्रिका खोचल्या जातात. राणीच्या लाल वर्तुळाभोवती कोणीतरी खडूने दुधाचा हिशेब मांडतो. मागे पालीचे कुटुंब नांदू लागते. आणि दिवाळीला पुण्याहून आलेला एखादा उत्साही पाहुणा, ‘अरे वा, कॅरम! होऊन जाऊ द्या एक डाव,’ असे म्हणून बोर्ड उतरवू पाहतो, तेव्हा घरातील कर्ती स्त्री ज्या त्वरेने पुढे होते त्या त्वरेने तलाठी कचेरीला आग लागल्यावरही कोणी दप्तर वाचवायला धावले नसते.

भिंतीवर चढणे म्हणजे निवृत्ती, या सिद्धान्ताला अपवाद नाहीत असे मी म्हणत नाही. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला पुन्हा ऊर्जितावस्था आणली, त्याचा एक प्रकार साखळीने अधांतरी टांगलेला असतो, आणि खेळाडू त्या डोलत्या, गिरक्या घेत्या लाकडावर शीर्षासनापर्यंतच्या करामती करतो; तिथे टांगणे हीच सेवा आहे. आंबेगावच्या पश्चिमेकडे भीमाशंकरी जी भव्य पोर्तुगीज घंटा आहे आणि १७३९ च्या वसईविजयानंतर चिमाजीअप्पांनी अर्पण केली म्हणून जी सांगितली जाते, तीही लुटीतली शोभेची वस्तू म्हणून टांगली गेली असेल. पण यात्रेकरूंचे हात तिच्यापर्यंत पोहोचत असल्यामुळे तिला शोभेची वस्तू होण्यास कधी फुरसतच मिळाली नसावी. माझ्या मते साऱ्या प्रश्नाची ग्यानबाची मेख इथे आहे: वस्तू किती उंच टांगली यापेक्षा हात तिथवर जातो का, हे पाहावे.

तिसराही एक वर्ग आहे, तो मला आमच्या थोरल्या बंधूंनी दाखवून दिला. जुन्नर-आंबेगावात खेळ म्हटला की प्रथम बैलगाडा, मग बाकीचे सारे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या आणि यात्रेच्या यात्रा सुन्या गेल्या. घाट ओस, घोडी निवांत, आणि ‘घाटाचा राजा’ हा किताब कोणाच्याच नावावर चढेना. त्या काळात अण्णांनी, म्हणजे थोरल्या बंधूंनी, शर्यतीचे जू आणि दोर ओसरीच्या खुंट्यांना लावले. मी मनात म्हटले, झाली यांची बढती. परंतु दर अमावास्येला ते सारे उतरवून, तेल चोळून, पुन्हा वर चढवण्याचा त्यांचा परिपाठ एकदाही चुकला नाही, आणि मी काही विचारले की ते फक्त ‘तारीख पडली आहे’ एवढेच म्हणत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला, आणि दोर खुंटीवरून उतरले ते असे मऊसूत, की जणू कालच ठेवले होते. तेव्हा काही वस्तू भिंतीवर निवृत्त नसतात. त्यांचा फक्त दावा तहकूब असतो.

अशा या सुव्यवस्थित घरात, ओतूरच्या आमच्या वाड्यात, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने एका फाल्गुनात नऊ फूट लांबीची, शुभ्र, दोन्ही टोकांना निमुळती, समुद्राच्या लाटांवर उभे राहण्याची फळी आणली. तो मंगळूरजवळच्या मुल्कीस लाटांवर खेळून आला होता, परतीच्या प्रवासात ही फळी न्यायला विमान कंपनी जे भाडे मागत होती त्यात इकडे एक शेळी आली असती, आणि म्हणून पुढल्या खेपेपर्यंत ती आजोळी ठेवावी असा त्याचा बेत होता. मामाच्या घरी भाच्याने काय ठेवावे याला आपल्या संस्कृतीत मर्यादा नाही. परंतु ओतूरला लाट नाही. नाणेघाटातून सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याकडचा सारा माल जकात भरून वर चढला, त्या जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही तिथे आहे. पण समुद्राने आपली लाट तेवढी खालीच ठेवून घेतली. पावसाळ्यात वाऱ्याच्या झोताने तिथले धबधबे उलटे वर उडतात, तो बहुधा तिने वर येण्याचा केलेला अयशस्वी प्रयत्न असावा.

फळी ओसरीवर टेकवताच गाव लोटले. इस्त्रीचे टेबल, दवाखान्यातले स्ट्रेचर, लग्नातल्या जिलब्या थापायचा पाट, असे नाना तर्क झाले. एका वृद्धाने, फारसा विचार न करता, हा खोडदच्या दुर्बिणीचा तुकडा आहे असा निर्वाळा दिला. कारण खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या राहिल्यापासून, तालुक्यात जे जे समजत नाही ते ते खोडदच्या नावे खर्ची टाकण्याची सोय झाली आहे. माझ्या मातोश्रींनी फळीवरून हात फिरवला, बोटांना लागलेले मेण हुंगून पाहिले, आणि विचारले, “ह्याच्यावर उभं राहून काय करायचं रे?”

“काही नाही आजी. लाट नेईल तिकडे जायचं.”

“आणि परत?”

“परत पोहत यायचं.”

“मग आधीच कशाला जायचं?” असा प्रश्न विचारून त्या आत गेल्या. पाश्चात्त्य क्रीडाविचाराची इतकी निर्णायक चिकित्सा मी अन्यत्र वाचलेली नाही.

त्यानंतर भाच्याने फळी ठेवण्याचे नियम सांगायला सुरुवात केली, आणि ते ऐकताना प्रथमच मला वाटले की कॅरमबोर्डाच्या नशिबी असा एखादा वकील यायला हवा होता. फळीचे पोट कृत्रिम फेसाचे, वर काचतंतूचे कापड, त्यावर राळेसारख्या रसायनाचा लेप. तेव्हा उन्हात ठेवली तर पिवळी पडते, तापलेल्या पत्र्याखाली ठेवली तर आतले थर सुटून फुगवटे येतात, शेपटीवर उभी केली तर टोक दुभंगते, आणि नुसत्या दोरीवर टांगली तर दोरीचे वळ उमटतात. आधार दोन हवेत, दोन्ही टोकांपासून साधारण चतुर्थांश अंतरावर, आणि ते मऊ हवेत. तिकडे, म्हणजे त्याच्या गावी, मोटार ठेवायच्या खोलीच्या छताला गादीचे अस्तर लावलेले पट्टे असतात, भिंतीतून लाकडी हात बाहेर आलेले असतात, त्यांवर अशा फळ्या, चाकांच्या फळ्या, बर्फावरच्या फळ्या एकावर एक निजतात आणि मोटार रस्त्यावर उभी राहते. काही श्रीमंत मंडळी तर फळी दिवाणखान्यात, तैलचित्राच्या जागी, वर छोटा दिवा लावून टांगतात. मी बारकाईने चौकशी केली तेव्हा कळले की या दुसऱ्या मंडळींपैकी पुष्कळांना पोहता येत नाही. माझा सिद्धान्त पॅसिफिक महासागर ओलांडून गेल्याचा मला अभिमान वाटला.

आणि नेमक्या याच अभिमानाच्या क्षणी इतिहासाने मला चपराक दिली. पेशवाई बुडून पाच वर्षे झाली होती, तेव्हा, म्हणजे १८२३ साली, विल्यम एलिस नावाचा एक इंग्रज मिशनरी हवाई बेटावर फिरत होता. पाद्री मंडळींना परमुलखातील खेळ सहसा पापमूलक वाटतात. पण या गृहस्थाने लाटांवरच्या खेळाचे वर्णन मन लावून केले, आणि खेळानंतर फळीचे काय करतात हेही टिपून ठेवले. तेथील लोक फळी उन्हात पूर्ण वाळवीत, तिला खोबरेल चोळीत, पुष्कळदा कापडात गुंडाळीत, आणि राहत्या घरात टांगून ठेवीत. ही झाली शिंकाळ्याची रीत. दुसऱ्या दिवशी लाट चांगली असली की फळी खाली. सरदारांच्या लांब फळ्या पाच मीटरच्या आसपास जात, म्हणजे त्या टांगायला घरही तसेच लागत असणार. पण मी थबकलो तो लाकडाच्या नावापाशी. एलिसने ते एरिथ्रिना असे दिले आहे, आणि एरिथ्रिना कुळातले आमच्याकडचे झाड म्हणजे पांगारा.

पांगारा जुन्नरकरांस सांगायला नको. कुंपणाला लावलेला, काटेरी, फाल्गुनात पाने टाकून लालभडक फुलणारा, आणि लाकडाने इतका पोकळ व हलका की सुताराने त्याची कधी दखल घेतली नाही. त्याचा एकच उपयोग: वाळलेला ओंडका पोराच्या पाठीला बांधायचा आणि पोराला विहिरीत ढकलायचे. माझी पिढी अशीच पोहायला शिकली. कोणी पांगाऱ्यावर, कोणी वाळल्या भोपळ्यावर, पुढे तेलाच्या पत्र्याच्या डब्यावर. ओंडका पाण्यातून निघाला की उन्हात वाळायचा, आणि मग पडवीच्या वाशाला टांगला जायचा, कारण खाली ठेवला तर ओल धरून कुजतो आणि बुडणाऱ्याला सोबत घेऊन बुडतो. म्हणजे एकाच कुळातले लाकूड, पाण्यावर तरंगण्याचे एकच प्रयोजन आणि छताला टांगण्याची एकच तऱ्हा, हवाईत आणि ओतुरात स्वतंत्रपणे नांदत होती. फरक एवढाच की त्यांच्याकडे सरदार त्यावर उभा राहिला आणि आमच्याकडे तो ओंडका पोरावर बसला. आमच्या ओसरीच्या कोपऱ्यातल्या वाशाला तसला एक काळा पडलेला ओंडका अजून होता. त्याला कोणी उतरवत नव्हते, पण फेकतही नव्हते; मी तो भाच्याला दाखवला, त्याने त्यावर टिचकी मारून पाहिली, आणि अमेरिकेत असल्या लाकडाच्या जुन्या फळ्या पदार्थसंग्रहालयात ठेवतात असे सांगितले. अण्णा म्हणाले, “आमचं संग्रहालय हेच. तिकीट नाही.”

फळी टांगण्याच्या कामी सुतार, गवंडी आणि सेवानिवृत्त तलाठी भाऊसाहेब यांची समिती नेमण्यात आली. भाऊसाहेबांचा या विषयाशी काही संबंध नव्हता, परंतु मोजणी आहे म्हटल्यावर त्यांना वगळणे अनुचित दिसले असते. शर्यतीचे दोर मागताच अण्णांनी ते साफ नामंजूर केले. ते आता सेवेत होते. शेवटी गाईच्या जुन्या दाव्यांचे दोन फास, त्यांवर धोतराच्या घड्या, आणि दोन तुळयांमधले अंतर चतुर्थांशाच्या हिशेबात बसत नाही म्हणून भाऊसाहेबांनी सुचवलेला एक आडवा वासा, अशी व्यवस्था होऊन ती फळी ओसरीच्या मधोमध, पुरुषभर उंचीवर, विराजमान झाली. नारळ फोडण्यात आला. भाच्याने समाधानाने छायाचित्रे घेतली.

जाण्यापूर्वी तिचा एकदा तरी पाण्याला स्पर्श व्हावा म्हणून ती पुन्हा उतरवून, जीपच्या टपावर बांधून, घोडेगावच्या पाहुण्यांकडे आणि तिथून डिंभे धरणाकडे नेण्यात आली; तोवर उन्हाळी आवर्तन सुटले होते आणि पाण्याची कड चिखलापलीकडे फार दूर गेली होती. त्या प्रवासाबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही. मात्र त्या काठावर उभे असताना एक गोष्ट मनात आली ती इथे नोंदवतो. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली आहे. पाणी उतरले की तिथली देवळे वर डोकावतात. तालुक्याची कचेरी घोडेगावात, गाव पाण्यात, आणि नाव तेवढे फलकांवर, शिक्क्यांवर, दाखल्यांवर जिथल्या तिथे लटकलेले. उठलेल्या गावकऱ्यांना त्या नावाचे काय वाटत असेल, हा विषय विनोदी लेखाचा नव्हे. भाच्याला मी तो सांगितला, आणि परतीच्या वाटेवर तो बराच वेळ गप्प होता.

भाचा गेला. वैशाखात कांदा निघाला. या दोन तालुक्यांत कांदा निघणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले नाही त्याला मी शब्दांत सांगू शकणार नाही. चाळ भरते, पडवी भरते, माणसे अंगणात झोपतात, आणि बाजारभाव पडलेला असल्यामुळे कोणीच काही विकत नाही. कांद्याला हवे असते ते काय? खालून-वरून खेळती हवा, सावली, कोरडेपणा आणि जमिनीपासून अंतर. भाच्याने फळीसाठी जी जी पथ्ये सांगितली होती ती ती सारी कांद्याचीही पथ्ये निघाली. चोहोबाजूंनी वारा लागणारी, उन्हापासून दूर, उंदराला न पोहोचणारी, नऊ फूट लांबीची, कोणाच्याही मालकीची नसलेली जागा ओसरीच्या मध्यभागी तरंगत असताना ती किती काळ मोकळी राहणार? प्रथम बियाण्यापुरते निवडलेले चार कांदे गेले. मग लसणाची जुडी गेली. मग मातोश्रींनी दोन्ही कडांना जुन्या साडीचे काठ शिवून फळीला कठडा केला, आणि कांदे ओळीने बसले. पाऊस लागल्यावर खालच्या बाजूला ओले टॉवेल वाळू लागले. निवृत्त होऊन आलेली एक परदेशी वस्तू अशा रीतीने आमच्या घरात पुन्हा नोकरीला लागली. माझ्या सिद्धान्तात या प्रकाराची काहीच तरतूद नव्हती, आणि ती करण्याची मला घाईही नाही.

पुढे गणपतीच्या सुमारास भाच्याचा निरोप आला की फळी कशी आहे त्याचे छायाचित्र पाठवा. घरात एकच धावपळ उडाली. कांदे उतरवले, टॉवेल लपवले, कठडा उसवला, फळी पुसली, तिच्यामागच्या भिंतीवर चुन्याचा हात मारला, पांगाऱ्याचा ओंडकाही शोभेसाठी शेजारी आणून बांधला, छायाचित्र घेतले, आणि संध्याकाळच्या आत कांदे पूर्ववत स्थानापन्न केले. ते छायाचित्र त्याच्या मित्रमंडळात फार वाखाणले गेले म्हणतात. मातीची भिंत, सागवानी तुळया, दाव्यांचे फास आणि विशेषतः भिंतीतल्या त्या गोल डोक्याच्या खुंट्या पाहून, अशा खुंट्या आम्हालाही हव्यात, वाटेल ते मोल देऊ, असा त्यांतल्या काहींनी आग्रहच धरला, आणि तशी मागणी रीतसर आमच्याकडे आली.

सुताराला बोलावणे गेले. त्याने छायाचित्र पाहिले, मागणी ऐकली, आणि कामाच्या माणसाने विचारावा तो पहिला प्रश्न विचारला: तिकडच्या भिंती कशाच्या असतात? अण्णांनी फोन लावला. भाच्याने सांगितले की लाकडी उभ्या पट्ट्या, सोळा सोळा इंचांवर, त्यांवर दोन्ही बाजूंनी जिप्समचे पातळ तक्ते, आणि मधे पोकळी. सुताराने ते दोनदा विचारून घेतले. मग कानावरची पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली, आणि म्हणाला, “खुंट्या काय, कवाबी करून देतो, अण्णा. पन आधी भिंत धाडावी लागंल.”

विसाराचे पाचशे रुपये मात्र त्याने त्याच दिवशी मागून घेतले.